योगाभ्यासाची प्रवासवर्णने

हठयोगाच्या अभ्यासकाने आरंभीच्या काळात वाटचाल टाळावी, असा स्पष्ट निर्बंध 'हठप्रदीपिके'त आहे. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचिलेल्या या ग्रंथाच्या पहिल्याच उपदेशात दुर्जनांचा शेजार, अग्नी आणि स्त्रीसंग यांच्या पंक्तीस रस्ता नेऊन बसविला आहे. आणि त्याच दमात पहाटेचे स्नान, उपवास व शरीरास क्लेश देणारे तत्सम विधीही वर्ज्य सांगितले आहेत. अभ्यासाची कुटी कशी असावी हे सांगताना, तिच्या सभोवार धनुष्यभर अंतरात खडक नसावा, विस्तव नसावा आणि पाणी नसावे, असे म्हटले आहे. पाण्याची सोय म्हणून आवारात विहीर तेवढी सांगितली आहे. आता हा ग्रंथ बगलेत मारून कोणी ऋषिकेशास उतरला तर त्याच्या दृष्टीस काय पडेल? नदीकाठी चहूकडे खडक आणि पाणी. पहाटे गंगेत बुडी मारण्याची हौस. आणि सहाध्यायी म्हणावेत तर ते हजारो कोसांची वाटचाल करून नुकतेच येऊन ठेपलेले! ज्या ग्रंथाच्या आधारे तेथील पाठ चालतात, त्या ग्रंथाच्या नियमांतील निम्मे नियम तेथे पाऊल टाकताच मोडले जातात.

हा विरोध दाखवून ऋषिकेशास हसावे, असा माझा हेतू नाही. स्थळाविषयी आपल्या शास्त्रकारांत एकमत नाही, हे कोणीही मान्य करील. श्वेताश्वतर उपनिषदातील योगस्थानाच्या वर्णनाचा अर्थ लावताना पाण्याचा नाद मनास अनुकूल असतो असा आशय पुष्कळ भाषांतरकारांनी घेतला आहे. आपल्या ज्ञानेश्वरांनी तर सहाव्या अध्यायात योग्याच्या जागेचे असे काही रमणीय वर्णन केले आहे की, विलासी पुरुषालाही ती पाहताक्षणी राज्य टाकून तेथेच राहावेसे वाटावे. आणि त्या जागी पावलोपावली निर्मळ पाणी आहे. तेव्हा गंगेचा काठ योगास वर्ज्य, असा निवाडा देण्याचे कारण नाही. परंतु स्वात्माराम घ्या की ज्ञानेश्वर घ्या, जागा मिळाल्यावर तेथे बसून राहावयाचे आहे, याविषयी दोघांत मतभेद नाही. ज्ञानेश्वरांच्या त्या वर्णनाचे सारे सौंदर्य पाहणाऱ्याच्या मनात जे 'येथेच राहावे' असे उपजते त्यात आहे.

माझा विषय वाङ्मयाचा आहे. पवित्र नदीकाठच्या गावी जाऊन योग शिकावा व परत येऊन त्याचे वर्णन लिहावे, असा एक लहानसा वाङ्मयप्रकार गेल्या नव्वद वर्षांत रूढ झाला आहे. त्याचा जन्म इंग्रजीत झाला; हल्ली तो आपल्या दिवाळी अंकांत आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतही दिसू लागला आहे. यांतील बरेचसे लेखन प्रामाणिक असते, काही चांगले साधलेलेही असते. तथापि ते वाचून खाली ठेवताना एक असमाधान मनात राहते. लेखक कसा गेला हे कळते, त्याला काय दिसले हे कळते, त्याचे मन कसे भरून आले हेही कळते. पण तो काय शिकला, हे मात्र कळत नाही. हे असे का व्हावे, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

पॉल ब्रंटन या इंग्रज पत्रकाराचे 'अ सर्च इन सीक्रेट इंडिया' हे पुस्तक १९३४ साली निघाले आणि या प्रकाराचा साचा त्याने पाडून दिला. शिकलासवरलेला, संशयी, परंतु आतून भुकेला असा पाश्चात्त्य मनुष्य हिंदुस्थानात येतो. त्याला एकामागून एक जादूगार, भोंदू, अर्धसिद्ध भेटतात. आणि अखेर खरा सद्गुरू लाभतो. पुण्याच्या हजरत बाबाजान आणि नगर-नाशिककडील मेहेरबाबा यांच्या भेटींची प्रकरणे या पुस्तकात असल्यामुळे मराठी वाचकास ते विशेष कुतूहलाचे वाटते, मग मेहेरबाबांविषयी ब्रंटनने अखेर दिलेला प्रतिकूल निर्णय कोणास पटो वा न पटो. हे पुस्तक नदीकाठी संपत नाही, ते तिरुवण्णामलईस रमणमहर्षींच्या सान्निध्यात विसावते. परंतु त्याची घडण पुढच्या सर्वांनी उचलली. ती घडण शोधकथेची आहे. गुप्त पोलिसाला गुन्हेगार सापडला की कादंबरी संपते, तसा येथे गुरू सापडला की पुस्तक संपते. वस्तुतः गुरू सापडणे ही अभ्यासाच्या दृष्टीने पहिल्या दिवसाची गोष्ट आहे.

ब्रंटनच्या आधी तीन-चार वर्षे एक त्याहून कितीतरी सूक्ष्म बुद्धीचा तरुण खुद्द ऋषिकेशास येऊन राहून गेला होता. रुमानियाचा मिर्चा इलियाडे हा कलकत्त्यास सुरेंद्रनाथ दासगुप्तांपाशी दर्शनशास्त्र शिकत होता. १९३० साली दासगुप्तांच्या कन्येवरील प्रेमप्रकरणामुळे त्या घराची दारे त्याला बंद झाली, आणि तो हिमालयाकडे वळून गंगेच्या पलीकडच्या तीरावरील स्वर्गाश्रमात काही महिने कुटीत राहिला. स्वामी शिवानंदांचा सहवास त्याला तेथेच घडला. पुढे त्याने जे लिहिले त्याची वाटणी मोठी उद्बोधक आहे. प्रेमभंग 'मैत्रेयी' या कादंबरीस मिळाला (१९३३). देखावे आणि माणसे 'इंडिया' या प्रवासलेखांच्या पुस्तकास मिळाली (१९३४). योगसिद्धींचे गूढ 'डॉक्टर होनिगबर्गरचे रहस्य' या कथेस मिळाले (१९४०). आणि विद्वत्ता १९३६ च्या प्रबंधास व त्यातून वाढलेल्या १९५४ च्या फ्रेंच ग्रंथास मिळाली. तो ग्रंथ आजही योगाच्या अभ्यासकांस टाळता येत नाही. परंतु कुटीत रोज पहाटे उठून बसणारा जो मनुष्य, त्याचे काय झाले? पाय किती वेळ मोडून ठेवता येत होते, श्वास कोठे अडत होता, कंटाळा केव्हा येत होता, हे कोणत्या पुस्तकास मिळाले? बहुतेक कोणत्याच नाही. ती साधना अर्धवट टाकून तो तेथून निघाला, आणि जे अर्धवट राहिले ते त्याच्या कादंबऱ्या व प्रबंध यांच्या मधल्या फटीत पडून गेले. इतका समर्थ लेखक, इतके अनुकूल स्थळ, आणि तरीही अभ्यासाचे म्हणून जे वर्णन ते त्याच्या लेखनात इतके थोडे यावे, याचे कारण लेखकाच्या दुबळेपणात शोधता येत नाही. ते विषयाच्या स्वभावात शोधावे लागते. प्रवास प्रतिक्षणी नवा असतो, आणि अभ्यास प्रतिदिवशी तोच असतो. ज्यात आज आणि काल यांत भेद नाही, ते सांगावे कसे?

ऋषिकेशाची खरी कथा या प्रवासवर्णनकारांना कळली असती, तर निदान त्यांच्या हाती एक चांगला विषय लागला असता असे मला वाटते. बहुतेकांना वाटते की आपण एका सनातन योगपीठात पाऊल ठेवीत आहो. वास्तविक ऋषिकेश हा बदरी-केदारच्या पायवाटेवरील एक मुक्काम होता. साधू आणि यात्रेकरू यांची तेथे गर्दी असे व काली कमलीवाल्या बाबांच्या क्षेत्रासारखी अन्नछत्रे त्यांना जेवू घालीत. आज ज्याला लोक सरसकट ऋषिकेश म्हणतात ते तर एक गावही नाही: मूळ गाव डेहराडून जिल्ह्यात, मुनी की रेती टिहरी जिल्ह्यात, आणि नदीपलीकडील स्वर्गाश्रम पौडी जिल्ह्यात. योगाचे विद्यालय म्हणून या जागेला जे रूप आले ते मुख्यतः एका डॉक्टरामुळे. शिवानंद हे तमिळ मुलखातील पत्तमडै गावचे. मलायात सुमारे दहा वर्षे वैद्यकी करून ते १९२४ साली येथे आले, संन्यास घेतला, आजाऱ्यांना औषध देऊ लागले, आणि १९३६ साली त्यांनी 'दिव्य जीवन संघ' काढला. त्यांचे मुख्य साधन होते लेखणी. सुमारे तीनशे लहानमोठी पुस्तके त्यांनी लिहिली, आणि त्यांतील पुष्कळशी इंग्रजीत. गुरुमुखाने गुप्तपणे द्यावयाची विद्या त्यांनी टपालाने पाठविली! त्यांचे शिष्य विष्णुदेवानंद १९५७ साली पश्चिमेकडे गेले. १९६९ साली त्यांनी कॅनडात योगशिक्षकांसाठी ठरावीक मुदतीचा वर्ग सुरू केला. पुढे १९९९ साली अमेरिकेत 'योगा अलायन्स' ही संस्था निघाली आणि शिक्षकास दोनशे तासांचे शिक्षण पुरे, असे तिने प्रमाण ठरविले. आणि आज ऋषिकेशाच्या गल्लोगल्ली ज्या पाट्या दिसतात त्या याच दोनशे तासांच्या. म्हणजे या गंगेचे पाणी अटलांटिकापर्यंत जाऊन, तेथे मापात भरून, पुन्हा उगमाकडे आले आहे. यात उपहासाचे काही नाही. विद्या अशाच फिरत असतात. परंतु प्राचीन गुहेतील रहस्य म्हणून जी गोष्ट वर्णन केली जाते ती एका इंग्रजी शिकलेल्या डॉक्टराच्या छापखान्यातून, कॅनडाच्या वर्गातून आणि अमेरिकेच्या प्रमाणपत्रातून फिरून आलेली आहे, हे जो लेखक जाणत नाही, त्याच्या वर्णनातील भक्तिभाव कितीही खरा असला तरी त्याची वस्तूवरील पकड ढिली राहते.

१९६८ सालच्या बीटल्स मंडळींच्या मुक्कामाविषयी इतके लिहिले गेले आहे की त्याला येथे अधिक जागा देण्याची गरज नाही. ते महेश योग्यांकडे आले होते ते आसनांसाठी नव्हे, ध्यानासाठी. रिंगो स्टार दहा-बारा दिवसांत परतला, लेनन आणि हॅरिसन एप्रिलमध्ये रुसून गेले, आणि मधल्या काळात त्यांनी पुष्कळ गाणी रचिली. ध्यानाला बसलेल्यांकडून गाणी झाली, हे गाण्यांच्या दृष्टीने उत्तमच झाले. तो आश्रम पुढे ओसाड पडून वनखात्याकडे गेला व २०१५ पासून तिकीट काढून पाहता येतो. या भग्न वास्तूचे वर्णन केल्याशिवाय ऋषिकेशावरील एकही लेख आता पुरा होत नाही, एवढेच त्याचे वाङ्मयीन महत्त्व.

दोनशे तासांचा परिणाम मात्र वाङ्मयावर फार झाला आहे. आठवड्याचे सहा दिवस धरून चार आठवड्यांत हे तास बसवावयाचे म्हणजे रोज आठ तासांहून अधिक पडतात. त्यांत आसने, प्राणायाम, शरीररचना, तत्त्वज्ञान आणि शिकविण्याचा सराव हे सर्व यावयाचे. पतंजलीने अभ्यास दृढ होण्यास दीर्घ काळ, खंड नसणे आणि आदर अशा अटी घातल्या आहेत. त्यांपैकी आदर या विद्यार्थ्यांत पुष्कळ असतो, आणि एका महिन्यापुरता खंडही पडत नाही. अडचण पहिल्या अटीची आहे. त्याच पतंजलीने सुमारे १९५ सूत्रांत आसनास वाहिली ती तीन, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. परंतु मला सांगावयाचे आहे ते असे की, अभ्यासक्रमाचा आकार तोच लेखाचा आकार झाला आहे. पहिल्या आठवड्यात अंग दुखते. दुसऱ्यात घर आठवते. तिसऱ्यात एके संध्याकाळी आरतीच्या वेळी डोळ्यांत पाणी येते. चौथ्यात प्रमाणपत्र मिळते व सहाध्यायांचा निरोप घेताना पुन्हा पाणी येते. मराठीतील असे लेख मी आवडीने वाचीत आलो आहे, कारण माझ्या विद्यार्थ्यांपैकीही काहीजण शिक्षण संपताच तिकडे जाऊन येतात आणि त्यांच्या ठिकाणी काय बदलले हे जाणण्याची मला मनापासून इच्छा असते. परंतु त्या लेखांतील अश्रू एकाच साच्यातले निघतात. घाटावरील दिवे, द्रोणातील फुले, पलीकडच्या डोंगरावरचे धुके यांची वर्णने पानेच्या पाने चालतात. आणि ज्यासाठी तेथे गेलो त्या रोजच्या आठ तासांविषयी 'कठीण होते, पण आनंद मिळाला' एवढ्यावर काम भागते. मागे एका लेखात लक्ष्मणझुल्यावरून चालण्याचा रोमांच वाचला. तो झुला २०१९ साली धोक्याचा ठरून बंद करण्याचा हुकूम झाला; लेखातील प्रवास त्यानंतरचा होता! पाहिलेले न लिहिता वाचलेले लिहावे, इतका हा साचा बळकट झाला आहे.

या सर्व लेखनात एक पुस्तक अपवाद म्हणून मला महत्त्वाचे वाटते, आणि माझ्या वयाच्या व पेशाच्या वाचकांस ते नाव ऐकून कदाचित हसू येईल. एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेचे 'ईट, प्रे, लव्ह' हे २००६ सालचे पुस्तक अतोनात खपले, त्यावर चित्रपट निघाला, आणि म्हणून आपल्या विद्वानांनी त्यास बाजूस सारले. त्यात दोष पुष्कळ आहेत. लेखिका स्वतःवर नको तितकी खूश असते, आणि १०८ मण्यांच्या माळेप्रमाणे १०८ प्रकरणे पाडण्याची युक्ती शोभेची आहे. आश्रमाचे नाव तिने दिलेले नाही. तो नदीकाठचा म्हणूनही वर्णिलेला नाही. परंतु तिच्या भारतखंडात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या ब्रंटनला साधल्या नाहीत आणि इलियाडेने बाजूस ठेविल्या.

पहिली अशी की, तिने नावडते सांगितले आहे. रोज पहाटे 'गुरुगीते'चे १८२ श्लोक म्हणावयाचे, हा तेथील नियम. आणि त्याचा तिला मनस्वी तिटकारा. अंगाला घाम फुटतो, राग येतो, पळून जावेसे वाटते, सबबी सुचतात. हे एकदाच होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा. येथे प्रथमच वाचकाला आवृत्ती म्हणजे काय ते समजते. अभ्यासाचे कथानक कसे करावे, या ज्या प्रश्नापाशी इलियाडे थांबला त्याचे एक उत्तर तिला, बहुधा नकळत, सापडले: तोच तो पाठ रोज होतो खरा, परंतु त्याच्याशी माणसाचे भांडण रोज निराळे असते. पुढे घरी झोप न येणाऱ्या आपल्या लहान भाच्याचे स्मरण करून, त्याच्यासाठी म्हणून ती ते श्लोक म्हणू लागते, आणि मग पाठ जमू लागतो. हा प्रसंग तिने थोडक्यात आणि चांगला सांगितला आहे. त्यात साक्षात्काराचे ढोल नाहीत.

दुसरी गोष्ट याहून साधी. काही आठवडे आश्रमात काढून मग हिंदुस्थान फिरावयाचा, असा तिचा बेत होता. तो तिने रद्द केला आणि ती जागीच राहिली. प्रवासवर्णनाच्या लेखकाने आपल्या पुस्तकातील सर्वांत किफायतशीर प्रकरणे अशी सोडून द्यावीत, यात धाडस आहे. 'हठप्रदीपिका' तिने वाचली होती की नाही यास महत्त्व नाही. रस्ता वर्ज्य करण्याचा नियम तिने पाळला, आणि तिच्या पुस्तकाचा हा भाग जो उभा राहिला तो त्या पाळण्यामुळे.

भाच्याच्या या प्रसंगावरून मला आपल्या जुन्या यात्रावाङ्मयाची आठवण होते. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापून प्रसिद्ध केला, तो मराठी घरांत सर्वांच्या परिचयाचा आहे. १८५७ साली गोडसे वरसईहून निघाले ते मोक्षासाठी नव्हे. कर्ज फेडावयाचे होते, आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंड भेटले, झाशीचा वेढा भेटला, लुबाडणूक झाली, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले व त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. आपण या प्रवासाने बदललो असा दावा त्यांनी केलेला नाही. काय मिळाले, काय गेले, काय आणले, याचा चोख हिशेब मात्र आहे. हल्लीच्या योगयात्रिकाला असा हिशेब क्षुद्र वाटतो. 'मी निराळाच होऊन परतलो' हे त्याचे पालुपद असते. निराळा म्हणजे कसा, हे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे. श्वास पूर्वी किती काळ रोखता येई आणि आता किती? रागावर काही परिणाम झाला का, आणि तो घरच्यांच्या ध्यानात आला का? परतल्यावर सहा महिन्यांनी सतरंजी अजून पहाटे पसरली जाते काय? माझ्या वाचनात आलेल्या मराठी लेखांत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणीही दिलेले नाही. सगळे लेख परतल्यावर पंधरवड्याच्या आत लिहिलेले असतात.

याच संदर्भात नदीकाठच्या आणखी एका प्रवासाचा उल्लेख केला पाहिजे. १९१९ च्या सुमारास जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण बडोद्याजवळ नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींच्या आश्रमात योग शिकावयास गेला. मुंबईस 'योग इन्स्टिट्यूट' काढणारे योगेंद्रजीही याच गुरूचे शिष्य. गुण्यांचे गुरू १९२१ साली वारले. पुढे कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आलेल्या गुण्यांनी १९२४ साली लोणावळ्यास 'कैवल्यधाम' काढले. तेथे पवित्र नदी नाही, घाट नाही, आरती नाही. होती ती प्रयोगशाळा. त्याच वर्षी निघू लागलेल्या 'योगमीमांसा' या नियतकालिकाचे जुने अंक मी ग्रंथालयात बसून चाळले आहेत, आणि वाङ्मयाचा शिक्षक म्हणून माझी अशी खात्री झाली आहे की, अभ्यासाचे वर्णन करणारे गद्य कसे असावे याचा धडा ज्याला घ्यावयाचा असेल त्याने तो तेथे घ्यावा. पोट कसे आत ओढावे, कोणता स्नायू सुटा करावा, चूक कोठे होते, कोणी हे करू नये, हे इतक्या नेमक्या शब्दांत सांगितले आहे की, वाचणाऱ्याचे पोट आपोआप आत जाते. त्या पानांत लेखकाचा प्रवास नाही, त्याचे भारावलेपण नाही. नर्मदेचे पाणी कसे दिसत होते, गुरूच्या मुद्रेवर कोणते तेज होते, याविषयी त्या प्रयोगांच्या वृत्तांतांत काही शोधू जाल तर निराशा होईल. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे त्यांना उपकरण लावून आढळले; या निर्वाताला काहीतरी नाव देणे भाग होते. त्यांनी त्याला 'माधवदास निर्वात' असे नाव दिले, आणि पुढच्या प्रयोगाचे आकडे लिहावयास घेतले.